सुमनला काय हवंय?

मित्रांनो, आज दुपारी आमच्या खर्डीच्या घरी बंगळुरूहून एक बाई आल्या होत्या. त्या एका ट्रस्ट कंपनीच्या अधिकारी. माझी धाकटी बहीण सुमन हिची ठेव सांभाळायला बाबांनी मृत्युपत्रात या कंपनीला विश्वस्त नेमलंय. सुमनला गोष्टी जरा उशिरा कळतात. कुणीही तिला फसवेल, अशी बाबांना धास्ती होती.

मला मात्र वर्षभर हे सलत होतं. सख्खा भाऊ घरात असताना परराज्यातली कंपनी कशाला?

चहा झाल्यावर बाईंनी विचारलं, "सुमन को क्या चाहिए?"

मी सवयीने बोलायला लागलो, "उसको कुछ कमी नहीं, मॅडम."

"आप नहीं, इनको बोलने दीजिए," त्या शांतपणे म्हणाल्या.

सुमनने ओढणीचं टोक पिळलं. मग म्हणाली, "मला शिवण शिकायचंय. वाशिंदला क्लास आहे."

मी गारच पडलो. "मला कधी बोलली नाय गो?"

"तू कधी इचारलं नाय."

बाईंना तेवढं मराठी कळलं. त्यांनी ते लिहून घेतलं, फी ट्रस्टमधून भरू म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी मी सुमनला घेऊन क्लास बघून आलो. सोमवारपासून ती जाणार आहे.

बाबांवरचा राग आज गेला. स्वतःवर थोडा आलाय.

तुमच्या घरात कुणी आहे का, ज्याच्या वतीने कायम तुम्हीच बोलता?