पहिल्या रांगेकडे पाठ

"मास्तर, पाठ कोणाले दाखवून राहिला?"

भंडाऱ्याच्या कॉलेजातलं स्नेहसंमेलन. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी संगीताचा टेम्पररी शिक्षक. अठरा पोरापोरींचा वाद्यवृंद उभा केला होता. व्हायोलिन, बासरी, क्लॅरनेट, तबला. त्यांच्याकडे तोंड करून मी हात उचलला आणि मागून हा आवाज आला. संस्थेचे अध्यक्ष. पहिल्या रांगेत, सोफ्यावर. साकोलीकडच्या आमच्या गावच्या मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, नातू.

"तू त वाजंत्र्याचा पोरगा होय न? तुह्या बापानं आमाले कधी पाठ नाही दाखवली. इकडं तोंड कर."

खरं होतं. मालगुजाराच्या घरच्या वरातीत माझा बाप सनई वाजवत उलटा चालायचा. तोंड नवरदेवाच्या घोड्याकडे, पाठ रस्त्याकडे. तशी रीतच होती.

मी वळलो. नोकरी कायम करण्याच्या कागदावर याच माणसाची सही व्हायची होती. घरी खाणारी पाच तोंडं. पोरं आता माझ्या पाठीमागे. वाद्यवृंद चालवणाऱ्याचा चेहरा दिसला नाही तर कोणी कधी सुरू करायचं तेच कळत नाही. तबला पुढे पळाला, व्हायोलिनं अडखळली, बासरी वाजलीच नाही. हॉल हसला. मी अध्यक्षांच्या बुटांकडे बघत रिकाम्या हवेत हात हलवत राहिलो.

"आता कसं बरोबर दिसते," ते म्हणाले.

सुट्टीत गावी गेलो. बापाला सांगितलं. त्यानं पुढच्या पडलेल्या दातांच्या जागी बोट लावलं. बा बैलबंडीवरून पडला आणि दात गेले, असंच मला लहानपणापासून सांगितलेलं.

"बंडीवरून नाही पडलो. उलटा चालता चालता पडलो. सनई तोंडातच होती. सारे हासले. रक्त आलं. तसाच उठून वाजवलं."

"काहून उठला, बा?"

"भेव लागे."

एवढंच. साठीचा माणूस, आणि अजूनही हळू आवाजात सांगत होता, कोणी ऐकेल म्हणून. मला त्याचा राग आला. मग लाज वाटली. मी तरी काय वेगळं करून आलो होतो? फक्त माझे दात शाबूत होते.

पुढच्या वर्षी संमेलनाच्या सकाळी कारकून निरोप घेऊन आला. "साहेबानं सांगतलं, यंदाही तोंड इकडंच. नोकरीचा कागद अजून टेबलावरच हाय म्हणे."

स्टेजवर चढलो. अध्यक्षांना नमस्कार केला आणि पोरांकडे वळलो.

"ए वाजंत्र्या."

पाठीची कातडी थरथरली. आता काहीतरी येऊन लागणार, चप्पल नाही तर खुर्ची. पोरं माझ्याकडे बघत होती. तीही घाबरली होती. मी हात उचलला. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि वाजवलं.

सही झाली नाही. जूनमध्ये नोकरी गेली. दोन वर्षं शिकवण्या केल्या, मग नागपूरला विद्यापीठात लागलो. आता मोठा वाद्यवृंद आहे. शूर वगैरे काही झालो नाही. पहिल्या रांगेत कोणी खाकरलं की अजून मान आखडते, घाम फुटतो. फुटो. कुलगुरू बसोत नाही तर मंत्री, मी वळणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. हात कसा उचलायचा, ते नंतर.