मिनिटभराचा झोका

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की सुषमा दाराकडे तोंड करून भांडी घासायची. सुरतेच्या बमरोलीतल्या त्या खोलीत मोरी होती भिंतीकडे, पण ती टोपली उचलून उंबऱ्याशी यायची आणि गल्लीच्या तोंडावर नजर ठेवून राख फासायची. खान्देशातली सासुरवाशीण आखाजीला आपल्या पायांनी माहेरी जात नाही. माहेरचा कोणीतरी न्यायला यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की बाई ताठ मानेनं पिशवी भरते. नाही आला, तर शेजारणी काही विचारत नाहीत, आणि ते न विचारणंच जास्त झोंबतं.

सुषमाची आई गेली तेव्हापासून तिचा भाऊ भगवान एकदाही आला नव्हता. पारोळ्याकडचं गाव, उधन्याहून गाडीत बसलं की एका दिवसाचा रस्ता. तिनं एकटीनं जायचं म्हटलं असतं तर नवऱ्यानं, वाल्मिकनं, स्वतः तिकीट काढून दिलं असतं. लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर, उभं आयुष्य काढलेला तो शांत माणूस बायकोच्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसे. पण बोलावल्याशिवाय जाईल ती सुषमा कसली! आई गेली म्हणजे आपलं माहेर संपलं का, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगायला कोणी येत नव्हतं.

सुषमा भटार रोडवरच्या एका हेल्थ क्लबात बायकांच्या वेळेला कामाला जायची. नॅपकिन द्यायचे, वजनं जागच्या जागी लावायची, मशिनं पुसायची. त्या मशिनांत एक लांबडं धूड होतं. एक रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पुढे जाळीत बसवलेलं पंख्याचं चाक, चाकातून निघालेली साखळी आणि साखळीला आडवी दांडी. पाय पट्ट्यांत अडकवून दांडी ओढली की चाक घोंगावायचं आणि छोट्या पडद्यावर मीटर पळायचे. ना होडी, ना पाणी, बसल्या जागी वल्हवायचं. क्लबाच्या शेठच्या परदेशातल्या भावानं ते पाठवलं होतं. बाकीच्या बायका त्यावर ओढण्या वाळत घालत.

एकटी नीलाताई त्यावर बसायची. नीला बायकांना व्यायाम शिकवायची. नवरा बँकेत, बदलीवर सुरतेला आलेली. पुण्यात कॉलेजात असताना तिनं नदीवर खरीखुरी होडी वल्हवली होती. एक दिवस सगळ्या गेल्यावर सुषमानं हळूच दांडी ओढून पाहिली. नीलानं पाहिलं आणि म्हणाली, "बस की. पण साडी आवर, चाकात जाईल."

साडी गेलीच. पदर बैठकीखाली अडकला, सुषमा आडवी, आणि दोघी हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी नीलानं आपली जुनी सलवार आणून दिली.

सुषमाच्या अंगात ताकद भरपूर. भरलेली घागर ती एका हातानं उचलायची. पण तीच ताकद तिला नडत होती. पट्ट्यांत पाय घातले की पहिल्याच झटक्याला दांडी हातांनी छातीकडे ओढायची, विहिरीतून पोहरा ओढावा तशी. खांदे कानांना टेकायचे, अर्ध्या मिनिटात धाप लागायची आणि मीटर मात्र तिथेच.

"हात शेवटी," नीला सांगायची. "आधी पाय. पायांनी पाटी अशी लाथाड की मशीन पुढे सरकलं पाहिजे. मग पाठ उघड. हात सगळ्यांत शेवटी. परतताना उलट: हात, पाठ, पाय."

मग सुषमानं पाय असे झाडले की बैठक मागे पळाली आणि दांडी होती तिथेच राहिली. नीलानं कपाळाला हात लावला. "अगं, पायांचा जोर दांडीत यायला हवा. दांडीला लटक तू. हात सरळ ठेवून नुसती लटक."

लटक म्हटल्यावर सुषमा थांबली. तिनं डोळे मिटले. नीलाला वाटलं, बाई थकली.

बाई थकली नव्हती, गावी गेली होती. घरापुढच्या निंबावर जाड दोराचा झोका, त्यावर उभी राहिलेली सुशी. आखाजीला गावभरच्या लेकी त्या निंबाखाली जमायच्या. उभ्यानं झोका चढवायचा म्हणजे हात काही ओढत नाहीत. गुडघे मोडायचे, पायांनी पाटाला रेटायचं, अंग मागे टाकून दोराला लटकायचं, आणि अगदी शेवटी कोपर दुमडायचे. झोका उभा असतो तेव्हा कोणी लांब हिसका मारत नाही. आधी तोकडे, भराभर दोन रेटे, मग जरा लांब, मग पुरा. दोर तापला की मग पंचक्रोशीत कुणाची बिशाद नव्हती तिला गाठायची. वरच्या फांदीशी पोचलं की एक हात सोडून पान तोडायचं, आणि ते तोडलं की ती पोर त्या वर्षाची राणी. भगवान खाली उभा राहून ओरडायचा, "पान ले, सुशी, पान ले!"

तिनं डोळे उघडले. गुडघे पुरते न मोडता दोन तोकडे रेटे दिले, तिसरा जरा लांब, चौथा पुरा. चाक असं गुरगुरलं की शेजारच्या आरशापुढे वेणी घालणारी शेठची सून हेतल वळून बघायला लागली.

"हे कुठे शिकलीस?" नीलानं विचारलं. "शर्यतीत सुरुवात अशीच करतात. चाक थांबलेलं असताना लांब ओढ घेतली की पाठ मोडते आणि वेग येत नाही."

"झोक्यावर," सुषमा म्हणाली, आणि उगाच लाजली.

त्या दिवसापासून नीलानं तिला धरलंच. चाकाची ओढ जड-हलकी करणारी वाऱ्याची झडप पार शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवायची सगळ्यांची खोड. जड म्हणजे भारी असं त्यांना वाटायचं. नीलानं ती मध्यावर आणली. जड चाकावर ताकद रेंगाळते, म्हणाली, आपल्याला स्फोट हवा. दहा-पंधरा जोरकस ओढी, मग पुरती विश्रांती, मग पुन्हा. थकून शंभर ओढी मारण्यापेक्षा ताज्या अंगानं दहा मार. लवंगी फुटते तसे पाय फुटले पाहिजेत आणि परत येताना मात्र घाई नको, तेवढाच श्वास. सुषमा मान डोलवायची आणि करायची. तिला हे सगळं समजत होतं, कारण तिचं अंग ते आधीच जाणत होतं, फक्त इतकी वर्षं विसरलं होतं.

क्लब सुरू झाला होता अखात्रीजेच्या मुहूर्तावर. गुजराती माणसाची अखात्रीज तीच आपली आखाजी. त्या वर्षी शेठाणीनं वर्धापनदिनाला बायकांची शर्यत ठेवली: एक मिनिट, जी जास्त मीटर मारेल ती पहिली. घरच्या पुरुषांनाही बघायला बोलावलं. नीलानं सुषमाचं नाव घातलं. एकदोघींनी नाक मुरडलं, पण शेठाणी म्हणाली, भले रमे, खेळू दे तिला, आणि विषय संपला.

सुषमानं वाल्मिकला सांगितलं ते दाराकडे पाठ करून. "आखाजीले मी घर नही राहनार. शर्यत शे." तिनं भांडी मोरीतच घासली होती. वाल्मिकनं ते पाहिलं. त्याला बरं वाटलं की वाईट, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि नशीब बघा. ज्या लेकींना न्यायचं असतं त्यांचे भाऊ आठवडाभर आधी येतात. हा भगवान ऐन आखाजीच्या सकाळी उगवला. हातात पिशवी, दाढी वाढलेली, उंबऱ्याबाहेरच उभा.

"सुशी कोठे शे?"

"ती घर नही शे, पाव्हना," वाल्मिक म्हणाला. "तुनी वाट देखी देखी थकनी. आते शर्यत खेयाले गई. चाल, दखाडस तुले."

दोघे पोचले तेव्हा हेतल नुकतीच उठली होती. टेनिस खेळलेली पोर, तिचा आकडा सगळ्यांच्या वर होता. नंतर सुषमा बसली. पायांच्या पट्ट्या आवळल्या, दांडी धरली, हात सरळ सोडले. दारात कोण येऊन उभं राहिलं हे तिला दिसलं नाही, दार तिच्या पाठीशी होतं. एवढी वर्षं दाराकडे तोंड करून बसलेल्या बाईची त्या दिवशी नेमकी पाठ होती.

नीलानं हात खाली केला. तोकडा रेटा, तोकडा, जरा लांब, पुरा. चाक घोंगावलं. खांदे खाली, हात शेवटी, पायांचा जोर थेट दांडीत. मीटर पळायला लागले तशा बायका खुर्च्यांवरून उठल्या. भगवान तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला मशीन कळत नव्हतं, पण त्या पाठीचं मागे लवणं त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा ती हेतलच्या पुढे निघत होती. नीला ओरडत होती, "पाय! पाय!" आणि भगवानला राहवलं नाही.

"पान ले, सुशी, पान ले!"

सुषमाचे पाय ताठ झाले होते, अंग मागे झुकलेलं, आणि तिनं मान वर केली. उजवा हात दांडीवरून सुटला आणि वर गेला, छताच्या पंख्याकडे, बोटं पसरून. डाव्या हातातली दांडी तिरकी होऊन निसटली. साखळीनं ती खेचून नेली आणि ती जाळीवर खणकन आदळली.

मिनिट संपलं. हेतल पहिली.

आधी कुणीतरी हसलं, मग बऱ्याच जणी हसल्या. त्यांचं काही चुकलं नाही, दृश्य हसण्यासारखंच होतं. हेतल मात्र काय झालं ते विचारत धावत आली, "सुषमाबेन, शुं थयुं?" सुषमा स्वतःच्या रिकाम्या मुठीकडे बघत होती. मग तिनं वळून दाराकडे पाहिलं.

भगवान हसत नव्हता. तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला होता आणि रडत होता, एवढा मोठा बाप्या, सगळ्यांसमोर.

ती पट्ट्या सोडवून त्याच्यापाशी गेली. तीही त्याच्याशेजारी खालीच बसली.

"निंब नही राहिना, सुशी," तो म्हणाला. "माय गई, मंग पक्कं घर बांधानं म्हनीसन मी निंब तोडी टाका. तू उनी म्हंजे पयले झोका इचारशी. कोनतं तोंड लीसन तुले लेवाले येऊ?"

एवढी वर्षं तिनं वहिनीला बोल लावले होते, आईच्या फोटोशी भांडली होती, स्वतःत खोट शोधली होती. आणि कारण काय, तर एक झाड. तिला राग आला, पण तो धरायला कुठे जागाच सापडेना.

"येडा रे तू," ती म्हणाली. "मी काय झोकाकरता माहेरले येस का?"

खरं सांगायचं तर ती झोक्यासाठीच जायची. भावाला ते ठाऊक होतं, म्हणून तो आणखीच रडायला लागला.

नीला पाण्याचा पेला घेऊन आली, पण जवळ न येता थोडी लांबच थांबली. सुषमा उठली. सवयीनं फडका घेतला, बैठक पुसली, दांडी पुसली, जाळीवर ठेच लागली होती तिथे बोट फिरवून पाहिलं. मग भावाकडे वळली.

"दोर कोठे शे?"

"दोर शे," भगवान नाक पुसत म्हणाला. "सांभाळीसन ठेयेल शे."

"आनि गावमा दुसरा निंब नही का?"

"शे. देऊळना मांगे."

"मंग ऊठ," सुषमा म्हणाली. "गाडी चुकी जाई."