सहा वर्षांनी खाल्लेलं वांगं

माझी बोटं सकाळी मिटायचीच नाहीत. शाळेत खडू धरता येईना, घरी कणीक मळता येईना. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, आमवात आहे. गोळ्या सुरू झाल्या.

त्यापाठोपाठ सल्लेही सुरू झाले. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर चढली. पहिल्या मजल्यावरून निरोप आला, आंबट बंद. तिसऱ्यावरून आला, वांगं, टोमॅटो, बटाटा बंद. शाळेतल्या बाई म्हणाल्या, रात्री डाळ नको, वात होतो. मी सगळ्यांचं ऐकलं. दोन महिने दुधी आणि मुगाचं पातळ वरण. माझ्यासोबत यांनाही तेच, कारण दोन स्वयंपाक करायला हात कुठे होते? अंबरनाथच्या एमआयडीसीतून पहिली पाळी करून आलेला माणूस ताटाकडे बघायचा आणि तेच जेवून उठायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी माझं वजन बघितलं. "काय खाताय?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाकीचं कुणी बंद केलं?"

"सगळ्यांनीच."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मुख्य काम गोळ्यांचं, त्या चुकवायच्या नाहीत. तळलेलं आणि गोड कमी करा. भाज्या, डाळी खा, मासे चालत असतील तर उत्तमच. वांग्याने सगळ्यांनाच त्रास होतो असं काही नाही. तुम्हाला होतो का, ते खाऊन बघा आणि लिहून ठेवा."

मासे उत्तम म्हटल्यावर माझ्यासोबत आलेले हे दवाखान्यातच म्हणाले, "डॉक्टर, हे जरा चिठ्ठीवर लिहून द्याल का?"

त्याच संध्याकाळी बांगडे आले. रविवारी भरली वांगी केली. हात अजून आखडलेलेच, म्हणून मसाला यांनी भरला, निम्मा ओट्यावर. सोमवारी उठले तर हे चहा घेऊन समोर उभे. "मूठ कर बघू." केली. रोजच्याएवढीच आखडलेली, तसूभरही जास्त नाही. बुधवारी पुन्हा वांगी केली, तरी काही नाही. वहीत लिहिलं, "वांगं पास."

सगळंच पास झालं नाही. एका लग्नात तीन दिवस जिलेबी हाणली आणि बोटं सुजली. पण त्या धांदलीत एक गोळीही चुकली होती, म्हणून जिलेबीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

एक दिवस बुवापाड्याहून माझी नणंद आली. तिच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. माझ्या ताटातलं वांग्याचं भरीत बघून ती दारातच थांबली.

"अगं, तुला चालतं हे?"

मी तिला वही दाखवली. तिने चष्मा लावून सगळी पानं वाचली. मग हळूच म्हणाली, "मी सहा वर्षं तोंडात घातलं नाही गं. कुणी सांगितलं होतं, तेही आता आठवत नाही."

"ताई, थोडं चाखून बघता?"

थोडं कसलं! दोन भाकऱ्या खाल्ल्या, कांदा फोडून. वाटी बोटाने निपटली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन. मी धसकूनच उचलला.

"गुडघा कालच्यासारखाच आहे," ती म्हणाली. "भरीत उरलंय का? मी निघालेय."