फरशी पाय धरत नाही

सुशीलाबाई डाव्या हाताला प्लॅस्टर घेऊन गेटवर उभ्या होत्या आणि सिक्युरिटीवाला त्यांना आत सोडत नव्हता. मोहन्याहून येऊन त्या डोंबिवलीतल्या आमच्या केमिकल कंपनीत सफाईचं काम करत. मी तिथे सेफ्टी ऑफिसर. कॉन्ट्रॅक्टरने त्यांना काढलं होतं, कारण अपघाताच्या रिपोर्टमध्ये, कारणाच्या रकान्यात, मी लिहिलं होतं : 'कामगाराचा निष्काळजीपणा. पायात सेफ्टी शूज नव्हते.'

शूज नव्हते हे खरं. कॉन्ट्रॅक्टरकडे कामाला असलेल्या बायकांना आम्ही ते कधी दिलेच नव्हते, हेही खरं. ते मी लिहिलं नाही.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्याआधी रंगरंगोटी होते. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी फरशीलाही चकचकीत हिरवा ऑइल पेंट मारून घेतला. मालक खूश झाले. दुसऱ्याच दिवशी सुशीलाबाई मला म्हणाल्या, "साहेब, ही फरशी पाय धरत नाय." मी म्हणालो, "बघतो." बघितलं नाही. चौथ्या दिवशी पाण्याची बादली घेऊन जाताना त्या पडल्या. मनगट मोडलं.

"मला आत घ्या," गेटवर त्या म्हणाल्या. "कुठं कुठं माणूस पडंल ते दाखवते. मग ठरवा चूक कोणाची."

मी आत घेतलं. त्यांनी चपला काढल्या, उजव्या हातात खडू घेतला आणि अनवाणी चालू लागल्या. मध्येच थांबायच्या, पाऊल जरासं फिरवायच्या, खाली बसून गोल काढायच्या.

"मावशी, लंगडीचा डाव मांडताय काय?" एका फिटरने विचारलं.

"तू आधी नीट उभा राहा बाबा. गोलातच हायेस."

एकूण सात गोल झाले. पंपाजवळ त्या म्हणाल्या, "इथं रंगाचे दोन हात मारलेत." मी पेंटरला फोन लावला. "हो साहेब, डाग दिसत होता म्हणून," तो म्हणाला. "पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

पुढच्या आठवड्यात ठाण्याहून तपासणीचं यंत्र मागवलं. त्यातला रबर लावलेला लोलक ओल्या फरशीवर घासत जातो आणि पकड किती आहे ते आकड्यात कळतं. आम्ही सगळी फरशी तपासली. सगळ्यात वाईट सात आकडे त्या सात गोलांतच आले. मी यंत्राकडे बघत राहिलो, मग खडूच्या गोलांकडे. माझ्याकडे दोन डिप्लोमे होते आणि पायात जाड तळव्याचे बूट.

पेंट खरवडला, वाळू मिसळलेला नवा थर दिला. मी रिटायर होईपर्यंत तिथे कोणी घसरलं नाही. शाबासकी मला मिळाली.

"सुशीलाबाईंचा रिपोर्ट बदलायला हवा," मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो.

"फाइल क्लोज आहे ना? रिपोर्ट बदलला तर पेंट कोणी मारायला लावला तेही लिहावं लागेल. आणि खाली सही तुमची आहे."

मी फाइल परत कपाटात ठेवली. बाईंना परत घेतलं नाही.

आता रिटायर झाल्यावर, गेल्या महिन्यात मी स्वतःच्या हाताने नवा रिपोर्ट लिहिला. कारण : 'निसरडी फरशी. सूचना मिळूनही सेफ्टी ऑफिसरने दुर्लक्ष केले.' एक प्रत कंपनीला पाठवली, दुसरी घेऊन मोहन्याला गेलो. सुशीलाबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"उशीर केलात साहेब," त्या म्हणाल्या. मग सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

नव्या सेफ्टी ऑफिसरांना माझं एवढंच सांगणं आहे. माणूस पडला की फरशी ओली करून आधी स्वतः तिच्यावर अनवाणी चालून बघा. रिपोर्ट त्यानंतर लिहा.