साहेबांच्या शब्दाच्या फोडी

कच्चा बटाटा चिरला की येणारा तो मातकट वास मला अजूनही अवसरीच्या आमच्या ओसरीवर नेऊन बसवतो. आई लागवडीसाठी बटाट्याचं बेणं कापत होती आणि मी शेजारी नववीचं इंग्रजी घेऊन बसले होते. आई तेव्हा शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष होती. वर्गाचं छप्पर गळायचं आणि पाहणीला येणारे साहेब दर बैठकीत गावालाच ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ ऐकवून जायचे. “उद्या त्यांचाच शब्द त्यांना परत द्यायचाय,” आई म्हणाली, “पण जीभ अडकती. शिकिव मला.” मी शब्द तोडून दाखवला: रि, स्पॉन, सि, बि, लि, टी. म्हटलं, प्रत्येक तुकड्यात एक स्वर हवाच. “म्हंजी दर फोडीला डोळा पायजे, न्हाईतर कोंब फुटायचा न्हाई,” आई हसली. “आन् जोर कुठं द्यायचा?” “चौथ्या तुकड्यावर, ‘बि’वर.” मग ती एकेक फोड कापत तो शब्द घोकत राहिली, आणि चौथ्या फोडीला सुरी पाटावर खाडकन वाजायची. दुसऱ्या दिवशी भर बैठकीत ती उभी राहिली. “सायेब, छपराची रिस्पॉन्सिबिलिटी तुमची हाये,” ती म्हणाली, आणि नेमका ‘बि’ला तिचा हात टेबलावर असा पडला, की साहेबांचा चहा बशीत सांडला. मागच्या बाकावर मी ताठ बसले होते. तो शब्द मी शिकवला होता. पावसाआधी पत्रे बदलले. आता मी जुन्नरला इंग्रजी शिकवते. लांबलचक शब्दातला जोर मुलांना सापडेना, की माझा हात टेबलावर आपटतो, आणि त्या वेळी तो आईचा असतो.