जावेच्या मांडीवर माझी लेक

गावदेवीवरचा माझा विश्वास डळमळला तो पनवेलच्या एका दवाखान्यात, रक्ताचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेले पाहून. एक माझा होता, दुसरा माझ्या धाकट्या जावेचा, प्रणालीचा. आम्ही दोघी एकाच सुमारास गरोदर राहिलो होतो आणि तपासणीला बरोबरच गेलो होतो. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे ब प्रकारची कावीळ निघाली. मला कसलाही त्रास होत नव्हता. नवरात्राचे उपवास मी करायची. प्रणाली देवळात जायची ती आरती संपता संपता, प्रसादापुरती. परतताना रिक्षात तिने माझा हात धरला. तो झटकून टाकावासा वाटला.

डॉक्टरांनी सगळे समजावून सांगितले होते. हा आजार आईकडून बाळाला जातो तो मुख्यतः जन्माच्या वेळी, आणि इतक्या लहान वयात शिरला की बहुधा जन्मभर राहतो. पण बाळ जन्मल्यावर काही तासांच्या आत दोन इंजेक्शने दिली, एक लसीचे आणि दुसरे तयार प्रतिपिंडांचे, तर धोका जवळजवळ टळतो. माझ्या रक्तात विषाणूंचे प्रमाण जास्त होते, म्हणून शेवटच्या महिन्यांत एक गोळीही सुरू झाली. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, लसी झाल्या. माझे पती प्रत्येक वेळी बरोबर असायचे. दुसरे इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून ते त्यांनी आधीच मागवून प्रसूतिगृहाच्या फ्रिजमध्ये ठेवायला लावले.

घरात मात्र ‘कावीळ’ एवढा एकच शब्द पोचला. कर्नाळ्याकडच्या आमच्या गावात कावीळ म्हटली की तेल, तिखट, हळद बंद. सासूबाईंनी तेच केले. प्रणाली माझ्या आधी बाळंत झाली. तिच्यासाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपातला शिरा. माझी मुलगी जन्मली, तिला दोन्ही इंजेक्शने वेळेवर मिळाली, आणि मी घरी आले ती मऊ भात आणि उसाच्या रसावर. लाडवांचा वास भिंतीपलीकडून यायचा. पण त्याचे दुःख फार काळ राहिले नाही, कारण त्याहून मोठे वाट्याला आले.

मी बाळाला पदराखाली घेतले तेव्हा सासूबाईंनी हळूच तिला काढून घेतले. “नको गो बाय, तुजं दूद नको. त्यान कावीळ हाय. आमी काय तुज्या वायटावर नाय, पन पोरीला बादंल.”

प्रणाली खोलीच्या दारातच होती. “द्या इकडं, आई. माझं दूध नुसतं सांडतंय. एका म्हशीवर दोन रेडकं!” असे म्हणून ती हसली. सासूबाईही हसल्या. माझी मुलगी तिच्या मांडीवर चुटुचुटु पिऊ लागली आणि पिता पिता झोपली.

प्रणालीने उपकारच केले, हे मला कळत होते. तरीही ती गुणगुणत माझ्या लेकीची पाठ थोपटायची, तेव्हा मी मोरीत जाऊन दाटलेले दूध पिळून टाकायची आणि नळ मोठा सोडायची. मुलगी तिच्या आवाजाकडे मान वळवू लागली आहे असे मला वाटायचे. डॉक्टरांना विचारण्याचे धाडस होत नव्हते. त्यांनीही नाही म्हटले, तर उरलेली आशाही जाणार होती. मुलीचे वजन करायला पनवेलला निघायच्या सकाळी मी देवीपुढे पदर पसरला. मुलगी निरोगी राहावी, एवढेच मागायला गेले होते. तोंडातून निघाले, “सगळं प्रणालीलाच देऊ नकोस. एक तरी माझ्याकडे राहू दे.”

दवाखान्यात गर्दी होती. प्रणालीच्या मुलीला ताप असल्याने ती घरी राहिली होती. माझी मुलगी रडून लाल झाली. बाटलीतले दूध तिने थुंकून टाकले. बाकावर शेजारी उरणहून आलेली एक मुसलमान बाई बसली होती, मांडीवर तान्हे मूल. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तो पिनेने अडकवला होता.

“अगं, पाज की तिला,” ती म्हणाली. “शरम कसली? मी ओढणी धरते.”

“मला मनाई आहे. बी कावीळ आहे मला.”

“मग काय झालं? मलाही आहे. हे तिसरं माझं. दोघं माझ्याच दुधावर वाढली, दोघांची तपासणी साफ. अल्लाची मेहेरबानी. तुला मनाई केली कोणी? डॉक्टरने?”

मी मुलीचे दुपटे सारखे करू लागले.

“की सासूने?” ती मोठ्याने हसली. “ऊठ. बाईंना विचारून ये. जागा धरते तुझी.”

डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला: जन्मतः दोन्ही इंजेक्शने झाली का? झाली असतील तर खुशाल पाजा, पुढचे डोस चुकवू नका. स्तनाग्राला चीर पडून रक्त आले तर तेवढी बाजू बरी होईपर्यंत थांबवा. बाकी पथ्याचीही गरज नाही. मी बाहेर आले. त्या बाईने ओढणीचा आडोसा केला. मुलगी आधी तोंड फिरवत राहिली. “घाई नको. ओळख पटू दे,” ती ओढणीमागून म्हणाली. मग ओळख पटली. मी इतकी रडले की तिने मला दटावले, “पोरीच्या कानात पाणी जाईल.”

गावातल्या बायका म्हणतात, देवीच आली होती. त्या बाईचा नंबर पुकारला गेला आणि ती आत गेली, एवढे मी पाहिले.

घरी मी डॉक्टरबाईंचे म्हणणे सांगितले, तेव्हा सासूबाईंनी दोनदा खोदून विचारले आणि ‘बरं’ म्हणून मान हलवली. प्रणालीचे डोळे मात्र भरले.

“म्हणजे आता तिला माझ्याकडं देणार नाय तुमी?” तिने विचारले. एरवी माझ्याशी शहरी बोलणारी ती गावच्या बोलीत आली होती. “ताई, तुमच्याबरोबर दर वेळी अख्खं घर दवाखान्यात पळायचं. भावोजी इंजेक्शन शोधत फिरायचे. माझ्याबरोबर एकदा तरी कोन आला? रिपोर्ट चांगला म्हनून मला कोनी विचारलंच नाय. ही एक तेवढी माज्याकडं गप व्हायची.”

ज्या सुखावर मी जळत होते, ते तिच्याकडे नव्हतेच. मी मुलीला उचलून तिच्या मांडीवर ठेवले. मनापासून दिले असे म्हणणार नाही.

लसीचे सगळे डोस झाल्यावर, वर्षाच्या सुमारास मुलीची तपासणी झाली. आजार नाही, संरक्षण पुरेसे आहे. माझा आजार माझ्याजवळच आहे. ठरल्या वेळी तपासण्या करते. देवीने मला माझ्या मागण्यातला हट्ट वगळून दिले, असे मी मानते आणि त्याबद्दल ऋणी आहे.

परवा अंगणात खेळताना मुलगी पडली. गुडघा खरचटला. मी उठले, तोवर ती “काकी” म्हणत प्रणालीकडे धावली होती. छातीत ओळखीची कळ आली. मी थोडा वेळ उभी राहिले, मग पुन्हा खाली बसले.