राक्षसाचे गुडघे

पनवेलच्या आमच्या इमारतीत, भिंतीपलीकडे राहणाऱ्या ताई बाहुल्या केसभर हलवून एकेक फोटो काढत मुलांसाठी काळोख्या जंगलाचा सिनेमा बनवतात. बाहुलीशीही अदबीने बोलतात, "बाईसाहेब, मान जरा इकडे."

मी मुलीवर ओरडतो, ते त्यांना ऐकू जातं. मध्यंतरी त्यांनी माझा जुना चौकड्यांचा शर्ट मागून नेला. परवा त्यांच्याकडे गेलो, तर तो कापून सिनेमातल्या राक्षसाच्या बाहुलीला घातला होता.

"हा मी का, ताई?"

"मागे व्हा भाऊ, सावली पडतेय." मग तारेचा सांधा वाकवत म्हणाल्या, "याला आज गुडघे बसवले. सिनेमाच्या शेवटी हा मुलीसमोर खाली बसतो."

घरी आलो. मुलगी नेहमीसारखी दाराआड सरकली. मी तिच्यासमोर गुडघे टेकले. ती हसली नाही, पण आत पळालीही नाही.